दोन लिहा, मॅडम

दिपमालाला झोपेतलं सगळं कळत होतं, फक्त स्वतःची झोप सोडून. माणूस किती गुंगीत आहे हे ती सहा पायऱ्यांत सांगायची. डोळे टक्क उघडे आणि जीव कावराबावरा, ही पहिली पायरी. शांत पडलाय, बोललं की बोलतो, ही दुसरी. हुकूम सोडला तरच हलतो, ही तिसरी. आणि दोन भुवयांच्या मधे बोटाने टकटक केलं तरी ढिम्म, ती सहावी. ती स्वतः गेली अडीच वर्षं तिसऱ्या पायरीवर होती. हाक आली की उठायचं, सांगितलेलं काम उरकायचं आणि पुढची हाक येईपर्यंत भिंतीला टेकून उभ्या उभ्या डोळे मिटायचे. भुलीचं शिक्षण घेणाऱ्याला मात्र कोणी भूल देत नाही, ही त्यातली खरी रडकथा.

धुळ्यात दवाखाने काही कमी नाहीत. त्यातल्या एका मोठ्या, कॉलेज जोडलेल्या दवाखान्यात ती शिकत होती. नाव सांगून कोणाचं भलं होणार नाही. पदवी हवी तर प्रबंध हवा आणि प्रबंध हवा तर साठ पेशंट हवेत. तिचा विषय साधाच होता. कमरेखालच्या ऑपरेशनला पाठीत भुलीचं इंजेक्शन देतात. त्यात आणखी एक औषध मिसळलं, तर पुढे बराच वेळ दुखत नाही आणि माणूस जरा पेंगतो. ते औषध नेहमी मिसळतात त्याच्या अर्ध्यात भागेल का, एवढंच तिला बघायचं होतं. तीस जणांना पुरा डोस, तीस जणांना अर्धा. कोणाला काय मिळालं ते बंद पाकिटात, शेवटी उघडायचं. ऑपरेशननंतर दोन, चार, सहा, बारा आणि चोवीस तासांनी ती फॉर्म घेऊन खाटेशी जायची. पेंग किती आहे ते डोळ्यांना दिसायचं. दुखतं किती ते मात्र विचारावं लागायचं.

दुखण्याला शून्य ते दहा आकडे होते. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव जाईल इतकं. आकडा चार किंवा त्याच्या वर गेला की पेशंटला लगेच दुखणं थांबवणारं जादा इंजेक्शन मिळायचं. चारच्या खाली असला तर नाही. हा नियम तिने स्वतःच पहिल्या पानावर लिहिला होता आणि कमिटीने त्यावर शिक्का मारला होता.

एकोणसाठ फॉर्म भरून झाले होते. आज गुरुवार होता आणि सोमवारी प्रबंध जमा करायचा होता. आकडे तर असे छान आले होते की तिचे गाइड ज्ञानेश्वर सर चष्मा पुसून पुसून बघायचे. एकोणसाठांत फक्त सहा जणांना जादा इंजेक्शन लागलं होतं. "पाकिटं उघडायची तरी कशाला?" सर म्हणाले होते. "अर्धा डोस पुरतो, दिसतंच आहे. पुढच्या महिन्यापासून वॉर्डात सगळ्यांना अर्धाच सुरू करू." सर एरवी सहज खूष होणाऱ्यातले नव्हते, त्यामुळे दिपमालाही खूष झाली होती. म्हणजे झाली असावी. त्या दिवशी तिला चौदा तास ड्यूटी होती आणि खूष झाल्याचं तिला नीटसं आठवत नव्हतं.

प्रबंध गेला की परीक्षा, परीक्षा झाली की जळगावच्या एका दवाखान्यातली नोकरी. बोलणं पक्कं झालं होतं. पण खरं सांगायचं तर तिला नोकरीचं एवढं नव्हतं, जेवढं प्रबंधानंतरच्या आठ दिवसांच्या रजेचं होतं. पारोळ्याला घरी जायचं, मोबाइल बंद करायचा आणि मागच्या खोलीत पडून राहायचं. जेवायलासुद्धा उठवू नको, असं तिने आईला आत्ताच बजावून ठेवलं होतं. आई म्हणाली होती, बरं बाई, झोप. एवढ्या तीन शब्दांवर तिने गेला महिना काढला होता.

तर साठावी पेशंट मोगराबाई. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन उतारावरून येताना घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. सकाळी पहिलंच ऑपरेशन तिचं झालं, पायात सळई बसली. नवरा खाज्या खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसून होता, खांद्यावर पंचा, हातात पाण्याची बाटली. सकाळपासून तो बोलला असेल ते चार शब्द.

अकरा वाजता दिपमाला खाटेशी आली. मोगराबाईला हाक मारली, बाईने डोळे उघडून बघितलं. पायरी दुसरी. दिपमालाने फॉर्मवर दोन लिहिले आणि पेन पुढच्या रकान्यावर नेऊन ठेवलं.

"शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही," ती कागदाकडे बघत म्हणाली. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की ते म्हणताना ती दुसऱ्या कशाचाही विचार करू शकायची. "किती दुखतंय?"

आवाज आला नाही. एरवी तो लगेच यायचा.

"किती लिहू?" तिने पुन्हा विचारलं. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि थिएटरमधून दोन फोन येऊन गेले होते. तिने मान वर केली. मोगराबाई छताकडे बघत होती आणि खाज्या मोगराबाईकडे.

"दादा, तुम्ही सांगा ना," दिपमाला म्हणाली. "दोन लिहू की तीन?"

खाज्याने तिच्याकडे असं बघितलं, की ही बाई शिकलेली आहे ना, अशी त्याला शंका आली असावी. तो घरी पावरी बोलणारा. दवाखान्यातल्या माणसांसाठी त्याने अहिराणी काढली.

"माले काय मालूम, बाई? पाय तिना शे."

मग तो उठला, बायकोच्या कानाशी वाकला आणि त्यांच्या बोलीत दोन-तीन वाक्यं बोलला. मोगराबाईने विचार केला. चांगला मिनिटभर केला. मग एका हाताची पाच बोटं दाखवली, दुसऱ्या हाताचं एक, आणि जरा थांबून आणखी एक.

"सात," खाज्या म्हणाला. "ती सांगस."

दिपमालाने सात लिहिले, नर्सकडून जादा इंजेक्शन मागवलं, स्वतःच दिलं आणि थिएटरला निघाली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिचे पाय थांबले. पाय तिना शे. पाय तिचा आहे. यात न कळण्यासारखं काय होतं? पण तिला ते अडीच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे खाटेवरच्या माणसाला बोलू देत नाहीत, हे काही नवीन नाही. जो घेऊन येतो तो बोलतो. नाव काय, गाव कोणतं, रात्री झोप लागली का, सकाळी पोट साफ झालं का, सगळं खाटेशेजारचा माणूस सांगतो आणि खाटेवरचा आपल्याबद्दल नवीन काही ऐकावं तसा ऐकत राहतो. त्यात कोणाचा काही वाईट हेतू नसतो. माया असते, काळजी असते, आणि थोरल्याने आधी बोलायचं ही रीत असते. थोरला एकदा बोलला की धाकट्याने त्यावर काही बोलायचं नसतं. डॉक्टरांनाही ते बरंच पडतं. पेशंट अडखळतो, रडतो, फाटे फोडतो. नातेवाईक पटकन आकडा देतो.

एक वाजता थिएटर सुटल्यावर तिने मोगराबाईचा चार तासांचा आकडा घेतला आणि जेवायला गेली नाही. ड्यूटी रूममध्ये जाऊन तिने कपाटातून फॉर्मचा गठ्ठा काढला, पेन्सिल घेतली आणि एकेक फॉर्म उलटायला लागली. ज्या पेशंटने आकडा स्वतःच्या तोंडाने सांगितल्याचं तिला खात्रीने आठवतंय, त्याच्यापुढे बारीक खूण करायची, एवढंच ठरवलं. आठवायला बसली तर आवाज आठवायला लागले. दोन लिहा मॅडम, आमचे नाना खंबीर शेतस. तीन लिहा, इतकं काही नाही तिला. अहो, नाटकं करतो तो, एकच लिहा. हे सगळं खाटेशेजारून आलेलं होतं, तिच्या उजव्या कानाला, उभ्या माणसाच्या उंचीवरून. खालून, उशीवरून आलेला आवाज शोधावा लागत होता.

नऊ खुणा झाल्या. एकोणसाठांत नऊ. त्या नऊ जणांत जादा इंजेक्शन लागलेले सहाच्या सहा होते. एक चाळीसगाव स्टेशनवर पडलेला हमाल, त्याच्याजवळ कोणी नव्हतं. एक निवृत्त शिक्षिका, एकटीच राहणारी. एक कैदी, त्याच्याशेजारी हवालदार होता खरा, पण कैद्याच्या दुखण्याबद्दल हवालदार कशाला तोंड उघडेल. उरलेले तिघेही तसेच, कोणत्या ना कोणत्या कारणाने एकटे पडलेले. म्हणजे तिच्या अभ्यासाप्रमाणे, ज्यांच्याजवळ माणूस नव्हतं त्यांनाच दुखलं होतं. बाकी पन्नास जण आपल्या माणसांच्या मधे मजेत पडून होते.

अर्ध्या डोसाचं काय, पुऱ्या डोसाचं काय, तिने औषध मोजलंच नव्हतं. आणि प्रबंध तर नंतरची गोष्ट झाली. नियमच असा होता की चारच्या खाली इंजेक्शन नाही. तिने दोन लिहिले होते आणि पुढे निघून गेली होती.

अठ्ठावन्न नंबरची पेशंट अजून वॉर्डात होती. पुनम, वय तेवीस. पारोळ्याकडच्याच एका गावची, मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, सोमवारी ऑपरेशन झालेलं. तिची सासू कमलबाई तिच्या उशाशी हलत नसे. सुनेला भरवायची, वेणी घालायची, पाय चेपायची. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, सासू मिळावी तर अशी. दिपमालाने तिच्या आकड्यांवर एक नजर टाकली. दोन, तीन, दोन, दोन, एक. ती उठून वॉर्डात गेली.

"अक्का, जरा बाहेर बाकावर बसता का? तपासायचंय हिला."

"मी बठू ना इठेच. माले काय लाज शे का तिनी?"

"बाहेर बसा, अक्का," दिपमाला म्हणाली. दमलेल्या माणसाचा आवाज वाटतो त्यापेक्षा कडक निघतो. कमलबाई निमूट उठली, पदर सावरत बाहेर गेली.

दिपमालाने स्टूल ओढलं आणि पहिल्यांदाच खाटेच्या उंचीला येऊन बसली. फॉर्म आणला नव्हता, त्यामुळे बघायला कागदही नव्हता. "पुनम, आत्ता किती दुखतंय?"

पुनमने दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

"पाच," ती म्हणाली. मग म्हणाली, "सहा."

"आणि सोमवारी? ऑपरेशन झालं त्या दिवशी?"

पुनमच्या डोळ्यांतून पाणी निघून कानाकडे गेलं, तिने पुसलं नाही. "ताई, मला वाटलं मी सकाळपर्यंत राहत नाही."

"मग सांगितलं का नाहीस गं? मी पाच वेळा आले होते."

"आई सांगत होत्या ना. त्या दोन म्हणाल्या. मग मी नऊ म्हणू का? चार लोकांसमोर त्यांना खोटं पाडू?" आणि घाईघाईने, "त्या वाईट नाहीत हो ताई. खूप करतात माझं."

दिपमालाने तिला इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पुनमच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या आणि तिला झोप लागली. दिपमाला ते बघत बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. रडायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

ज्ञानेश्वर सरांच्या खोलीत ती उभी राहूनच बोलली. खाज्या, नऊ खुणा, पुनम, सगळं सांगितलं. सर खुर्चीत टेकून ऐकत होते. त्यांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरली होती, गुडघे धरले होते, आणि खोलीत पंखा घरघरत होता.

"माझ्या प्रबंधात ऐंशी पेशंट होते," शेवटी ते म्हणाले. "त्यातल्या किती जणांना मी विचारलं आणि किती जणांच्या भावाला, आज देवाला माहीत. सगळ्यांचं असंच असतं, दिपमाला. शेवटी मर्यादा लिहायच्या असतात ना, तिथे एक ओळ टाक. नातेवाइकांच्या उपस्थितीचा उत्तरांवर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. बस. खोटं नाही त्यात काही."

"आणि वॉर्डात अर्धा डोस सुरू करणार होतो आपण, सर."

"ते बघू. लगेच थोडंच करतोय." त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "सोमवारी दिला नाहीस तर परीक्षा सहा महिने पुढे. पुन्हा साठ जण, पुन्हा तेच. तुझ्याने होणार आहे का? तोंड बघ तुझं. ओळ लिही, सोमवारी दे आणि घरी जाऊन झोप."

सर मायेने बोलत होते, यात शंका नव्हती. दिपमाला म्हणाली, "बरं, सर."

आणि खरं ते सांगायला हवं, तिला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. ओळ कशी लिहायची ते तिने जिना उतरतानाच मनात जुळवलं. सहा महिने या शब्दानेच तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या होत्या. तिला पारोळ्याची मागची खोली दिसत होती, बंद खिडकी, गोधडी, आणि बाहेर आई कोणाला तरी दबक्या आवाजात सांगतेय की ती झोपलीय.

मोगराबाईचे सहा तास भरत आले होते, म्हणून ती पुन्हा वॉर्डाकडे वळली. बाहेरच्या बाकावर कमलबाई अजून बसलेली होती. आत जा असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि डॉक्टरने बस म्हटलं म्हणून ती तासाहून जास्त वेळ तिथेच बसून होती.

"डॉक्टरबाई, मनावर राग शे का तुमना?"

"नाही हो अक्का, तुमच्यावर कसला राग." दिपमाला तिच्याशेजारी टेकली. उभं राहणं जिवावर आलं होतं. "पण पुनमला किती दुखतंय ते मी तिला विचारत होते. तुम्ही का सांगितलंत?"

"दोन सांगं ते चुकनं का?"

"चार म्हणाला असतात तर तिला दुखणं थांबवायचं इंजेक्शन मिळालं असतं. दोन म्हणालात म्हणून नाही दिलं."

कमलबाईचा चेहरा उतरला. "आकडावर इंजेक्शन व्हतं?"

"हो."

"हाई माले कोनी सांगं नही."

सांगितलं होतं. दिपमालाने सोमवारी सकाळी एका दमात सगळं म्हणून दाखवलं होतं, पुनमचा नवरा भूपेंद्र याला, आणि त्याने दाखवलं तिथे सही केली होती. कमलबाई तेव्हा मागे पिशवी धरून उभी असेल.

"मनी पोरगी दुखम्हा व्हती आनि मी दोन सांगू राहिंतू," कमलबाई स्वतःशीच म्हणाली. तिचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते. "माले वाटनं, दोन सांगं म्हंजे पोरगी धीरनी शे. डॉक्टरले तरास नको. इठे दोनच सांगतस. मना येळले भूपेंद्रनी बी दोनच सांगं व्हतं."

"तुमच्या वेळेला?"

"मना खुबा मोडना व्हता ना. मांगना साले. ह्याच वॉर्डम्हा, खिडकीनी खाट." कमलबाईने बाकामागची काठी काढून दाखवली. "तुम्हीच तं येत व्हत्यात कागद लिसन. तवय तुमना चष्मा काया व्हता."

दिपमालाने तिच्याकडे बघितलं. गोल चेहरा, कपाळावर गोंदण, पांढरे झालेले केस. चष्म्याची काळी फ्रेम तिने मागच्या वर्षीच बदलली होती. या बाईला आपण तेव्हाही पाच वेळा भेटलोय आणि हा चेहरा आपण पहिल्यांदा बघतोय, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

ती उठली, ड्यूटी रूममध्ये जाऊन गठ्ठ्यातून फॉर्म शोधून काढला. सात नंबर. कमलबाई, वय अठ्ठावन्न, डाव्या खुब्याचं ऑपरेशन. दोन, दोन, तीन, दोन, एक. जादा इंजेक्शन: नाही. अक्षर तिचंच होतं, तेव्हाचं, जरा बरं. तिने तो फॉर्म घेतला आणि परत बाकावर येऊन बसली.

"अक्का, तेव्हा खरं किती दुखत होतं?"

कमलबाईने सवयीने इकडेतिकडे बघितलं. भूपेंद्र औषधं आणायला गेला होता. बाकावर तिसरं कोणी नव्हतं.

"माले तं कोनी पूछंच नही, बाई."

"मी विचारतेय."

कमलबाई हसली, उगाच. मग हसू गेलं. दिपमालाने घाई केली नाही. आतून कोणीतरी सिस्टर, सिस्टर करत होतं.

"दात आवयीसन पडेल व्हतू," कमलबाई हळू म्हणाली आणि दातांवर दात आवळून दाखवले. "भूपेंद्र घाबरी जाई म्हनीसन वरडनू नही. दुसरा दिन दाढ हालाले लागनी. पुढला हप्ताम्हा पडी गई." तिने तोंड उघडून, बोटाने ओठ बाजूला करून ती जागा दाखवली. मग तोंड मिटून विचारलं, "दहाना वर आकडा शे का?"

"नाही, अक्का."

"मंग दहा लिखा." आणि लगेच दिपमालाचा हात धरून, "पन भूपेंद्रले सांगू नका. त्याले वाईट वाटी."

दिपमालाने तिला आत पुनमजवळ नेऊन सोडलं. मोगराबाईजवळ गेली, स्टूलवर बसली आणि विचारलं. मोगराबाईने तीन बोटं दाखवली. खाज्या नुसता मान डोलावत होता. तो आकडा तिने लिहिला आणि सात नंबरचा फॉर्म हातात घेऊन जिना चढायला लागली. एकेक पायरी चढताना तिला पुढचे सहा महिने स्पष्ट दिसत होते. साठ खाटा, साठ वेळा नातेवाइकांना बाहेर काढायचं, त्यांची बोलणी खायची, पाच पाच वेळा स्टूल ओढायचं. जळगावला फोन करायचा. आईला सांगायचं की येत नाही. तिला हे काहीही करायचं नव्हतं. ती देवाला म्हणाली, मला खरंच नाही करायचं हे, आणि चढत राहिली.

सर निघायच्या तयारीत होते, पिशवीत डबा ठेवत होते.

"लिहिलीस का ती ओळ?"

"नाही, सर. मी सोमवारी देत नाही."

सरांनी पिशवी खाली ठेवली. "दिपमाला, तू दमलीयेस. आज काही ठरवू नकोस. झोपून ये, उद्या बोलू."

"दमलेय मी, सर. खूप दमलेय." तिने फॉर्म त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला आणि त्या पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. "पण या बाईंना दहा होते. आणि मी दोन लिहिलेत."